बैलाची रोजनिशी

बैलाचे आत्मवृत्त आणि बैलाची रोजनिशी या दोहोंत बैलच बोलतो; तथापि हे दोन लेखनप्रकार भिन्न आहेत. आत्मवृत्त सांगणारा प्राणी सारे भोगून झाल्यावर मागे वळून पाहतो. ॲना सेवेल या इंग्रज लेखिकेने १८७७ साली एका घोड्याच्या तोंडून सांगितलेली 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी याच जातीची होय. रोजनिशी लिहिणाऱ्याला मात्र उद्याची वार्ता नसते. शिवाय तो बैल असेल, तर माणसांना ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी त्याला आजही ठाऊक नसतात. लेखकाची खरी कसोटी येथेच लागते.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला चोहोकडचे बरेचसे दिसते. नेमके पाठीमागचे तेवढे दिसत नाही. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला नीट वेगळे ओळखता येत नाहीत. नाक मात्र फार तीक्ष्ण. तेव्हा पोळ्याच्या दिवशी 'माझी शिंगे तांबडी रंगवली' असे त्याने लिहू नये. शिंगांना लावलेल्या रंगाचा उग्र वास आला, असे लिहावे. दिनांक त्याला कोठून कळणार? काल खांदे मळले, हीच त्याची तिथी. आणि लेखनाला सवड? ती रात्री रवंथ करताना!

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कित्येकांबरोबर बैलजोडी असते. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरहून असे एक कुटुंब निघाले आहे, अशी कल्पना करावी. 'आज आम्ही साखर कारखान्यावर निघालो. आता पाच-सहा महिने ऊस वाहायचा,' हे वाक्य शुद्ध असले, तरी ते बैलाचे नव्हे. कारखाना, महिने, मुकादमाने दिलेली उचल हा सारा माणसांचा हिशेब झाला. बैलाने आपल्याला दिसले, हुंगले, जाणवले तेवढेच लिहावे. उरलेले वाचकाला उमगते. उदाहरणार्थ :

'आज पहाटेच दावे सोडले. धन्याने खांद्यावर जू ठेवले. गाडी मागे असल्याने तिच्यात काय भरत आहेत ते दिसले नाही. पण पिठाचा, गोधड्यांचा आणि कोंबड्यांचा वास आला. जू जड होत गेले. धाकटी पोर रोज मला पेंड घालते आणि एक पिशवी पाठीला अडकवून पळत जाते. आज तिने पेंड घातली. माझ्या गळ्याला हात घालून ती बराच वेळ उभी राहिली. पिशवी ओसरीतल्या खुंटीला तशीच होती. म्हातारी दारात बसली होती, ती उठली नाही. मग पोर मागे गेली, जू आणखी थोडे जड झाले, आणि धन्याने आम्हां दोघांना हाकलले.'