जलोदराचा रोगी घरी आल्यावर

आपल्या पोटात उजव्या अंगाला, बरगड्यांखाली यकृत असते. बकऱ्याची कलेजी म्हणतो ना, तेच. वर्षानुवर्षे दारू प्याल्याने किंवा ‘ब’ अथवा ‘क’ जातीची कावीळ अंगात मुरल्याने ते आतून कठीण होते. मग पोटात पाणी साचते. हा जलोदर.

वाटूरचा रोगी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जातो. फारच झाले, तर छत्रपती संभाजीनगरला घाटीत. तिथे पाणी काढतात. माणूस चालत घरी येतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खाटेवर! असे का होते? पाणी उतरलेले असते, यकृत बरे झालेले नसते. पुढचे काम घरच्यांचे.

दारू तर कायमची बंद. घोटभरसुद्धा नको. मग मीठ. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. दिवसभराचे सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नको. “वरून मीठ घेत नाही,” असे लोक सांगतात. पण ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठ कोण मोजणार? रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करावे. आठवड्यात 2 किलो वाढले, तर पोट फुगायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. तिने मूत्रपिंड बिघडते.

आपल्याकडे पथ्य म्हणजे उपास, अशी एक खुळी समजूत आहे. डाळ, दूध, अंडे बंद करू नये. रात्री निजतानाही थोडे खावे.

आता गोड पातळ औषधाचे. त्याचे नाव लॅक्ट्युलोज. ते घेतले की दोन-तीन वेळा मऊ शौचास होते. घरची बाई म्हणते, “ह्यांना जुलाब लागले, बंद करा.” इथेच घात होतो, बरं का! आतड्यातले विष बाहेर काढण्यासाठीच ते दिलेले असते. ते विष मेंदूत चढले, की रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो, हात थरथरतात. लोक म्हणतात, बाहेरचे झाले. बाहेरचे काही नाही, दवाखान्यात न्यावे. पाण्यासारखे फार जुलाब झाले, तर औषध किती कमी करायचे ते डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने थांबवू नये.

रक्ताची उलटी झाली, किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. 108 नंबर फिरवा. गाडी फुकट येते.