आराखडाही मुलासोबत जावा

सूरह अबसच्या निमित्ताने अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांची हकीकत आपण मुलांना सांगतो. वर्गातल्या दिव्यांग मुलाचे काय? 2016च्या कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. 40 टक्के वा अधिक असल्यास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आम्हा शिक्षकांची अडचण वेगळीच. मूल बल्लारपूरहून सिरोंच्याला गेले की दाखला जातो, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बऱ्याचदा कपाटातच राहतो. तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून, तेही तेलुगू कानांवर पडत असताना. नमुना सगळीकडे एकच हवा, आणि त्यात घरची भाषा हवीच. (निकाह अडेल म्हणून मुलीचे दिव्यांगत्व लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.) पालकांनो, दाखला घेताना आराखड्याची प्रतही मागून घ्या.