मानमोडी ते करोना : मरणाने कुणाला निवडलं?

१० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्यातले सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ती पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात ताप परतला तो मात्र माणसं न्यायलाच. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात लोकांनी फ्लूच्या या तापाला ‘मानमोडी’ म्हटलं. देशभरात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत.

एरवीचा फ्लू तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं नेतो. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसं उचलली. हे जगभर घडलं. म्हाताऱ्यांनी त्यांच्या लहानपणी अशाच जातीचा विषाणू पाहिला असावा, म्हणून ते तुलनेने वाचले, असं अनेक संशोधक मानतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्याच्या शाळा-कॉलेजांना टाळं लावलं, तेव्हाही साठीच्या पुढच्यांना लागण कमी होती. त्यांच्या रक्तात जुन्या फ्लूची ओळख शिल्लक होती.

वयाचं हे कोडं निदान विषाणूच्या स्वभावातून उलगडतं. बाई की पुरुष हा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. १९१८ मध्ये अमेरिकेत पुरुष जास्त मेले. त्याच साली, त्याच तापाने हिंदुस्थानात बायका जास्त मेल्या, त्याही ऐन तारुण्यातल्या. विषाणू तोच असताना हिशेब उलटा कसा झाला? उत्तर घरात शोधावं लागतं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. घरात सगळ्यांना वाढून उरेल ते बाईने खायचं, ही रीत. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं तिनेच, तेही कोंदट, बिनखिडकीच्या खोलीत. ती स्वतः तापाने फणफणली तरी चूल तिचीच. त्यात गरोदर असेल तर या तापात जिवाची शाश्वती आणखी कमी. १९११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९६४ बायका होत्या, १९२१ मध्ये ९५५ उरल्या. घट आधीपासूनच चालू होती, पण या दशकातल्या घसरणीत मानमोडीचा वाटा आहे. हे आकडे मी वाचतो तेव्हा मला आकडे दिसत नाहीत, चुलीपुढे कलंडलेली बाई दिसते.

करोना आला तो वेगळा स्वभाव घेऊन. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि काही महिन्यांतच जगभर एक गोष्ट स्पष्ट झाली : धोका वयाबरोबर नुसता चढत नाही, दर काही वर्षांनी दुपटीने उडी मारतो. लस येण्याआधीच्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवरून काढलेला हिशेब असा, की लागण झालेल्या पंचावन्न वर्षांच्या हजार माणसांत सुमारे ४ दगावत, पंचाहत्तरीत ४६ आणि पंच्याऐंशीत १५०. दहा वर्षांच्या मुलांत लाखामागे दोन. म्हणूनच लस आधी म्हाताऱ्यांना देणं शहाणपणाचं होतं : १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढचे आणि सहव्याधी असलेले पंचेचाळीशीचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सगळे, आणि १ मेपासून अठराच्या पुढचे.

या वेळी पुरुष जास्त गेले. इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वय, जुने आजार सगळं जमेस धरूनही पुरुषांचा धोका बायकांच्या सुमारे दीडपट निघाला. कारणं शरीरातही सापडली. विषाणूविरुद्धची पहिली फळी म्हणजे इंटरफेरॉन. गंभीर आजारी असलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात या फळीलाच निकामी करणारी प्रतिपिंडं आढळली, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने सांगितलं, की मृतांत सुमारे ७० टक्के पुरुष आहेत.

पण इथेही घर मधे येतंच. नोंद होते ती ज्याची तपासणी होते त्याची, ज्याला खाट मिळते त्याची. दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला इस्पितळात कधी नेतात? त्या ७० टक्क्यांत जीवशास्त्र किती आणि उंबरठा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. शरीराचा भाग खरा आहे, पण तोच सगळा आहे असं मी मानत नाही.

आणखी एक गोष्ट मृत्यूच्या तक्त्यात कधीच येत नाही. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा वयाने मोठा असतो. धोका वयाबरोबर वाढणारा आणि पुरुषांकडे झुकणारा, म्हणजे मागे राहिली ती बहुधा बाईच, कित्येकदा तिशी-चाळिशीची. दुसऱ्या लाटेनंतर राज्यभर अशा ‘एकल महिलां’च्या याद्या झाल्या, २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं. मृताच्या वारसाला ५०,००० रुपये ठरले. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि त्यावर करोनाचं नाव लागे. ते नसलं तर तपासणीचा अहवाल दाखवावा लागे, त्यानंतर तीस दिवसांत मृत्यू झाला हे सिद्ध करावं लागे आणि जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज करावा लागे. ज्याची तपासणीच झाली नाही, त्याच्या बायकोच्या हातात दाखवायला काही नव्हतं.