गाळ कोणीं काढावयाचा?

कृष्णेचा पूर सांगलीकरांस अपरिचित नाहीं. आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर गेलें, हें पावसाळ्यांत तेथील लहान मुलेंहि एकमेकांस विचारतात. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हे दोन आंकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. पाणी चढूं लागलें म्हणजे काय करावें, याविषयीं पुष्कळ सांगितलें जातें, छापलें जातें आणि कांहीं अंशीं ऐकलेंहि जातें. परंतु पाणी उतरल्यावर जो मागें राहतो, त्या गाळाविषयीं मात्र आधींपासून विचार करण्याची आपल्याकडे चाल नाहीं; आणि गांवाचें लांबणारें दुखणें कित्येकदां तेथूनच सुरू होतें.

हा गाळ येतो कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्यांचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर. सातारा जिल्ह्याच्या या पश्चिम कड्यावर वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वीं तेथील रहिवासी पावसाच्या तोंडावर आपल्या घरांच्या बाहेरील भिंती गवताच्या तट्ट्यांनीं झांकून घेत असत. पाऊस आकाशाचा असला तरी भिंत आपली आहे, एवढें त्यांस कळत होतें. कृष्णा वाईवरून उतरते, कोयना पाटणच्या खोऱ्यांतून येते, आणि कऱ्हाड येथें त्या दोघी समोरासमोर येऊन मिळतात. कोयनेवरील धरणांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्याच्या दरवाजांतून सोडलेलें पाणी सांगलीस पोहोंचावयास साधारणतः एक दिवसाचा अवधि लागतो. वाटेंत ब्रह्मनाळ येथें येरळा मिळते आणि सांगलीस अगदीं लागून, हरिपूर येथें, वारणा मिळते. वारणा फुगली म्हणजे कृष्णेच्या पाण्यास पुढें सरण्यास जागा उरत नाहीं. तें मागें तुंबतें आणि शहरांत पसरतें. वाहत्या पाण्यांत माती तरंगत जाते, तुंबलेल्या पाण्यांत ती खालीं बसते. सातारच्या डोंगरउतारावरची आणि नदीकांठच्या शेतांतील माती सांगलींतील घरांच्या फरशीवर येऊन थर धरते, त्याचें कारण हें.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षीं सांगलीनें हा अनुभव घेतला. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या पुढें गेलें. २०२१ च्या जुलैंत तें ५५ फुटांच्या आसपास पोहोंचलें. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नदीकांठच्या वस्त्यांत पाणी सर्वांआधीं शिरतें. परंतु २०१९ सालीं मारुती चौक, टिळक चौक आणि शिवाजी मंडई हा व्यापाराचा भागहि बुडाला. हळद सांठविण्याचीं हरिपूरचीं जमिनींतील पेवें तर २००५ च्या पुरानेंच पुष्कळशीं निकामी झालीं. ज्या मातीनें पिढ्यान्‌पिढ्या हळद जतन केली, तीच पाण्यानें खचली.

थंड देशांतील गांवांना असाच एक प्रश्न दर हिवाळ्यांत सोडवावा लागतो. तेथें रात्रींतून हातभर हिम पडतें आणि सकाळीं रस्ता दिसेनासा होतो. मोठे रस्ते यंत्रांनीं मोकळे करणें हें नगरसंस्थेचें काम. परंतु आपल्या दारापुढील पदपथ मोकळा करणें हें घरधन्याचें. न्यूयॉर्क शहरांत दिवसा हिमवर्षाव थांबला तर त्यापुढील ४ तासांच्या आंत हें काम उरकलें पाहिजे असा नियम आहे, आणि उपसलेलें हिम रस्त्यावर लोटण्याची मनाई आहे. शेजाऱ्याच्या दारांत लोटण्याची तर गोष्टच नको. ही वांटणी दंडाच्या भीतीनें टिकते असें कोणी म्हणेल, आणि तें अगदींच खोटें नाहीं. पण प्रत्येकास आपलें काम आधींपासून ठाऊक असतें, हेंहि तितकेंच खरें. शिवाय हिमाची एक सोय आहे. कोणीं उचललें नाहीं तरी वसंत ऋतूंत तें वितळून जातें. गाळ वितळत नाहीं.

ओला गाळ अंगानें मऊ, पण वजनानें भारी असतो. दोन उन्हें खाल्लीं म्हणजे तो भेगाळतो आणि भिंतीस गिलाव्यासारखा चिकटून बसतो. मग तो खरवडून काढावा लागतो व त्याबरोबर रंगहि निघतो, पोपडेहि निघतात. म्हणून नदीकांठचीं जुनीं माणसें एक युक्ति करीत आलीं आहेत. पाणी पुरतें उतरण्याची वाट न पाहतां, तें घोट्याइतकें उरलें असतां त्याच पाण्यानें भिंती व फरशी खराट्यानें घांसावयाची, आणि उतरत्या पाण्याबरोबर गाळ बाहेर जाऊं द्यावयाचा. पुरानें आणलेलें पुराकडूनच परत नेवविण्याची ही रीत उत्तम आहे. मात्र घरांतील विजेचा मुख्य खटका बंद आहे, भिंत खचलेली नाहीं आणि परत जाण्यास अधिकाऱ्यांची मोकळीक आहे, या तीन गोष्टींची खात्री झाल्यावांचून कोणीं आंत पाऊल घालूं नये. पुराच्या पाण्याबरोबर सापहि घरांत येतात. तेव्हां कपाटामागें व माळ्यावर हात घालण्यापूर्वीं काठीनें चाहूल घ्यावी.

पाणी निघून गेल्यावर उरलेल्या गाळाचें काय करावयाचें, येथें खरा तंटा उभा राहतो. घरांतील गाळ फावड्यानें ओढून दारापुढील गटारांत ढकलणें हें सर्वांत सोपें वाटतें. चार बादल्या पाणी मारलें कीं तो दिसेनासा होतो, आणि घर स्वच्छ झालें असें समाधान मिळतें. वस्तुतः तो कोठेंहि गेलेला नसतो. गटारांत बसून तो घट्ट होतो, गल्लीच्या तोंडाशीं पाणी अडवितो, आणि आठवड्यानें येणाऱ्या साध्या सरीनें सांडपाणी उलटून पुन्हां त्याच घरांत येतें. रस्त्यावर पडलेला गाळ यंत्रानें तासाभरांत उचलतां येतो. झांकलेल्या गटारांतील गाळ काढावयास माणसास आंत वांकावें लागतें आणि कामास कित्येक दिवस लागतात. म्हणून गाळ गटारापासून हातभर दूर, रस्त्याच्या कडेस ढिगानें रचावा. त्यांत भिजलेल्या गाद्या, धान्य आणि फुटकें सामान मिसळूं नये. भिजलेलें धान्य दुसऱ्या दिवसापासून कुजूं लागतें, तें निराळें आणि आधीं गेलें पाहिजे. फुटलेल्या कांचा, खिळे, औषधांच्या सुया पोत्यांत बांधून बाजूस ठेवाव्यात. या ढिगांत शेवटीं कोणाचा तरी हात जावयाचा असतो, आणि तो हात सफाई कामगाराचा असतो. त्यास हातमोजे पुरविणें नगरसंस्थेचें काम आहे. त्याच्या मार्गांत कांच न ठेवणें घरधन्याचें आहे.

नगरसंस्थेची जबाबदारी यामुळें कमी होते असें मात्र कोणीं समजूं नये. सार्वजनिक रस्ते झाडणें, गटारें वाहतीं ठेवणें, केरकचरा उचलून नेणें हीं कामें १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानें आवश्यक कर्तव्यांत घातलीं आहेत. सांगली, मिरज व कुपवाड यांची एकत्र महानगरपालिका १९९८ सालीं झाली, तिला तीं बंधनकारक आहेत. सातारा व कऱ्हाड येथील नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम लागू आहे. त्याचाहि आशय तोच. २०१९ च्या पुरानंतर मुंबई आणि इतर शहरांच्या महापालिकांनीं आपलीं माणसें व यंत्रें सांगलीस धाडलीं आणि अनेक स्वयंसेवकहि येऊन राबले. तें साहाय्य मोलाचें होतें. पण तें दर वेळीं आणि वेळेवर येईलच असें धरून चालतां येत नाहीं.

कोणता रस्ता आधीं, कोणता मागाहून, यावरून लोकांत मोठा असंतोष होतो. रुग्णालयाकडे जाणारे रस्ते, पाण्याच्या टांक्यांचे मार्ग, बाजाराची पेठ आणि मग गल्ल्या, हा क्रम योग्यच आहे. परंतु तो आधीं जाहीर झाला पाहिजे. अमुक गल्लींत यंत्र अमुक दिवशीं येणार, हें फळ्यावर लिहिलें आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलें, तर घरधनी त्याच्या आदल्या संध्याकाळीं ढीग रचून ठेवील आणि आपली मोटार विश्रामबागेसारख्या उंच भागांत नेऊन लावील. वार ठाऊक नसला म्हणजे तो दोन दिवस वाट पाहतो आणि तिसऱ्या दिवशीं सारें गटारांत लोटतो. येथें दोष एकट्या घरधन्याचा म्हणतां येणार नाहीं.

कामाची खरी सुरुवात तर मे महिन्यांतच व्हावयास पाहिजे. नाले उपसण्याचें काम नगरसंस्था करते, पण उपसलेला नाला पंधरा दिवसांत पुन्हां प्लास्टिकच्या पिशव्यांनीं भरतो, तो नगरसंस्थेच्या हातानें नव्हे. सांगलींतील शामरावनगरासारख्या सखल भागांत नदी पात्रांत असतांहि नुसत्या पावसाचें पाणी दिवसेंदिवस सांचून राहतें; तेथें एक तुंबलेली मोरी सगळ्या वस्तीस पुरते. साताऱ्याची गोष्ट वेगळी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचें तें गांव उतारावर वसलेलें असल्यामुळें तेथें पाणी थांबत नाहीं, आणि म्हणूनच ओढ्यांत टाकलेला केर टाकणाराच्या दृष्टीआड लौकर होतो. पण ते ओढे शेवटीं कृष्णेसच मिळतात. साताऱ्यानें वा कऱ्हाडनें ओढ्यांत टाकलेलें सांगलीच्या गाळांत सांपडावें, यांत आश्चर्य कसलें?

नदीकांठीं आंखलेल्या निळ्या आणि तांबड्या पूररेषांचाहि येथें संबंध पोहोंचतो. निळी रेषा सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत भराव घालून जो घर बांधतो, तो स्वतःच्या जोत्यापुरता उंच होतो खरा, पण त्यानें अडविलेलें पाणी आणि त्यांतला गाळ शेजारच्या घरांत जातो.

घर धुऊन झाल्यावर दोन कामें राहतात, आणि तीं घाईनें केलीं तर नुकसान होतें. विजेचीं बटणें व तारा जाणकार माणसाकडून तपासून घेतल्यावांचून दिवा लावूं नये. विहीर किंवा पाण्याची टांकी उपसून, धुऊन, तींत जंतुनाशक चूर्ण घातल्यानंतर, आरोग्य खात्याच्या माणसानें तपासून सांगेपर्यंत पाणी उकळूनच प्यावें. पायास जखम असतां चिखलांत काम केलें आणि मागाहून ताप आला, तर तो अंगावर काढूं नये. अशा चिखलांतून उंदरांच्या मुतानें पसरणारा लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्यावर वैद्यकीय उपाय वेळींच केल्यास गुण येतो. भिंतींना रंग देण्याची तर मुळींच त्वरा करूं नये. विटांत मुरलेलें पाणी बाहेर पडावयास कित्येक आठवडे, जाड भिंतींस महिनेहि लागतात. दारें-खिडक्या उघडीं टाकून, कपाटें भिंतीपासून वीतभर पुढें ओढून वारा खेळूं द्यावा, आणि रंगाऱ्यास दिवाळी उलटल्यावरच बोलवावें.