दीर्घायुष्य आणि वर्षासन

1941 ते 1950 या दशकात भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. नमुना नोंदणी पद्धतीवर आधारलेल्या 2016–20 च्या सारण्यांत ते 70 वर्षे झालेले दिसते. या वाढीचा मोठा भाग बालमृत्यू कमी झाल्यामुळे घडून आला आहे. म्हणून वार्धक्यातील तरतुदीचा विचार करताना जन्मवेळचे आयुर्मान फारसे उपयोगी पडत नाही. साठी गाठलेल्या व्यक्तीला सरासरीने आणखी किती वर्षे लाभतात, हा खरा प्रश्न होय. भारतात हा आकडा सुमारे 18 वर्षे असून स्त्रियांच्या बाबतीत तो पुरुषांपेक्षा अधिक आहे.

तथापि सरासरी ही समूहाची असते, व्यक्तीची नव्हे. साठ वर्षांच्या शंभर माणसांपैकी काही पासष्टीपूर्वी जातील, तर काही नव्वदी ओलांडतील. कोण कोणत्या गटात पडेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे एकट्याच्या शिलकीवर विसंबणाऱ्या वृद्धापुढे दोन संकटे उभी राहतात. हात सैल सोडला तर पैसा आयुष्याआधी संपतो; हात आखडता घेतला तर पैसा उरतो, पण आयुष्य ओढग्रस्तीत जाते.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. एका व्यक्तीला वर्षाला 3 लाख रुपये लागतात आणि ठेवीवरील व्याज व भाववाढ ही परस्परांची भरपाई करतात, असे धरू. नव्वद वर्षांपर्यंतची खात्री हवी असेल, तर साठाव्या वर्षी 30 वर्षांचा खर्च, म्हणजे 90 लाख रुपये, जवळ असले पाहिजेत. उलट अशा अनेक व्यक्तींनी आपली रक्कम एकत्र केली आणि प्रत्येकाला तहहयात वर्षाला 3 लाख द्यावयाचे ठरविले, तर सरासरी 18 वर्षांच्या हिशेबाने माणशी 54 लाख पुरतात. जे लवकर जातात त्यांची उरलेली रक्कम दीर्घायुषी सभासदांच्या उपयोगी पडते. माणशी 36 लाखांचा हा फरक केवळ अनिश्चितता वाटून घेतल्यामुळे निर्माण होतो. व्यवस्थापनखर्च वजा जाता तो काहीसा घटेल, परंतु तत्त्व बदलत नाही.

तहहयात उत्पन्नाच्या या कराराला मराठीत वर्षासन म्हणतात. पेशवाईत वर्षासन म्हणजे विद्वान, देवस्थाने वा आश्रित यांना सरकारातून मिळणारी वार्षिक नेमणूक. ती कृपेवर अवलंबून असे. विम्याचे वर्षासन गणितावर उभे आहे. एडमंड हॅले यांनी 1693 मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या मृत्यूनोंदींवरून सारणी तयार करून वर्षासनाचे मूल्य काढण्याची रीत दाखविली. पुढे 1965 मध्ये मेनाहेम यारी यांनी असे सिद्ध केले की, ज्याला मागे संपत्ती ठेवावयाची नाही आणि ज्याला वाजवी दराचे वर्षासन उपलब्ध आहे, त्याने आपली सर्व शिल्लक त्यात घालणे हेच तर्कसंगत ठरते.

असे असूनही स्वखुशीने वर्षासन घेणारे थोडेच आढळतात. एक कारण निवडीचे आहे. आपण दीर्घायुषी होऊ असे ज्यांना वाटते तेच प्रामुख्याने ते घेतात. म्हणून विमागणितज्ञांना वर्षासनधारकांसाठी विमेदारांहून वेगळी मर्त्यता-सारणी वापरावी लागते आणि सामान्य माणसाला तो दर महाग पडतो. दुसरे कारण आजारपणाची धास्ती, कारण एकदा गुंतविलेली रक्कम अडचणीत हाती येत नाही. तिसरे कारण कुटुंब. कॉटलिकॉफ आणि स्पिव्हाक यांनी 1981 मध्ये कुटुंब ही वर्षासनाची एक अपुरी बाजारपेठच असल्याचे दाखविले: मुले आईवडिलांना सांभाळतात आणि उरलेली संपत्ती त्यांना मिळते. मात्र असा समूह जितका लहान, तितकी त्याची जोखीम पेलण्याची शक्ती कमी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर 1.7 होता. ज्या आधारावर मागच्या पिढ्या विसंबल्या, तो आता एक-दोन अपत्यांवर येऊन ठेपला आहे.

भाववाढीचा प्रश्न याहून बिकट आहे. भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढले, तर रुपयाची क्रयशक्ती सुमारे 14 वर्षांत निम्मी होते. साठाव्या वर्षी पुरेसे वाटणारे स्थिर वर्षासन पंचाहत्तरीत अपुरे पडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन सप्टेंबर 2014 मध्ये दरमहा 1000 रुपये ठरले आणि 2024 अखेरही ते तेवढेच होते. याच दराने पाहिल्यास दहा वर्षांत त्याचे मोल सुमारे 614 रुपयांवर येते. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाईच्या भरपाईची जोड असते. केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांना 1 जानेवारी 2004 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतीने हे आश्वासन काढून घेतले आणि जोखीम कर्मचाऱ्यावर टाकली. एप्रिल 2025 च्या एकीकृत योजनेने त्यांच्यासाठी ते पर्याय म्हणून पुन्हा उपलब्ध केले.

स्त्रियांच्या दृष्टीने कराराचे स्वरूप निर्णायक ठरते. पत्नी बहुधा वयाने लहान असते आणि स्त्रियांचे आयुर्मानही अधिक असते. त्यामुळे पतीच्या एकट्याच्या नावावरील वर्षासन नेमके तिच्या वैधव्यात बंद पडते. दोघांच्या हयातीपर्यंत चालणारे संयुक्त वर्षासन आरंभी थोडे कमी मिळते. पण वृद्ध विधवेचे परावलंबन टाळण्यासाठी दिलेले ते मोल आहे.

या विवेचनावरून नियोजनाचा एक क्रम सुचतो. अन्न, निवारा, औषधे असा अटळ खर्च तहहयात उत्पन्नातून भागावा. अकस्मात आजारासाठी वेगळी गंगाजळी असावी. वारसांचा विचार त्यानंतर व्हावा. वर्षासन एकदम न घेता वाढत्या वयात टप्प्याटप्प्याने घेतल्यास त्याच रकमेवर अधिक उत्पन्न मिळते आणि काही पैसा हाताशीही राहतो.

परंतु हा क्रम शिल्लक असणाऱ्यांसाठी आहे. शेतमजूर, घरकामगार स्त्रिया, फेरीवाले यांच्याजवळ वर्षासन घेण्याइतका संचयच नसतो. 1995 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा 60 ते 79 या वयोगटात दरमहा 200 रुपये ठेवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नाकारा निकालात, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून तो हक्क आहे, असे सांगितले. पण तो निकाल सरकारी सेवकांपुरता होता. दीर्घायुष्याची जोखीम सर्वांनी मिळून उचलल्यासच ती स्वस्त होते, हे गणित मान्य केले, तर तिचा सर्वांत मोठा भार सर्वांत दुर्बलांनी एकट्याने वाहावा या व्यवस्थेला अर्थशास्त्रीय आधार उरत नाही.