पुन्हा न होणारी गाडी

नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते, हे रोजच्या वापराची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. इंजिन झिजते, रंग फिका पडतो, नवे मॉडेल येते. आपल्या प्राप्तिकराच्या हिशेबातही व्यवसायाच्या मोटारीवर साधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा धरतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हा हिशेब कोलमडतो. काही वर्षांत निम्म्या किमतीला येणाऱ्या गाड्या याच जमातीत आहेत आणि मूळ किमतीच्या वीस-पंचवीस पटींनी विकल्या जाणाऱ्याही याच. या तफावतीचे कारण झिजेत नाही, वेगातही नाही. तशी गाडी पुन्हा कुणाला बनवता येईल का, आणि कुणी बनवेल का, यावर सारे ठरते, असे मला वाटते.

जॅग्वार एक्सजे२२० आणि मॅक्लारेन एफ१ या दोन ब्रिटिश गाड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात एक्सजे२२० दाखवली गेली, तेव्हा तिला बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि चारही चाकांना ताकद मिळत होती. पैसेवाल्यांनी ५०,००० पौंड अनामत भरून नंबर लावले. १९९२ मध्ये गाडी हाती येऊ लागली ती सहा सिलिंडरची आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी. मधल्या काळात मंदी आली होती आणि किंमत ४ लाख पौंडांच्या पुढे गेली होती. अनेकांनी गाडी घेण्याचे नाकारले, प्रकरणे न्यायालयात गेली, आणि उरलेल्या गाड्या पुढे मूळ किमतीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाला विकाव्या लागल्या. ताशी ३४० किलोमीटरच्या वर धावून दाखवलेली ही गाडी. पण तो वेग तिची किंमत सावरू शकला नाही. गॉर्डन मरे यांनी आखलेली एफ१ त्याच मंदीत बाजारात आली. तिची किंमत ५ लाख ४० हजार पौंड होती आणि तीही खपत नव्हती. ३०० गाड्यांचा बेत होता. १९९८ पर्यंत शर्यतीच्या आणि चाचणीच्या धरून १०६ च झाल्या. त्यांतली एक २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे १५० कोटी रुपयांना गेली. चालकाची जागा मधोमध, टर्बोशिवायचे बारा सिलिंडरचे इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि १९९५ मधला ल मॉंच्या शर्यतीतला विजय, असा मेळ कोणत्याही कारखान्याने नेहमीच्या उत्पादनात पुन्हा जमवला नाही.

किंमत नावाला मिळते, असे कुणी म्हणेल. पण फेरारीचेच पाहा. एफ४० आणि माँडियाल एकाच कारखान्यातून, एकाच दशकात निघाल्या. सुमारे १,३०० च बनलेली एफ४० आज संग्राहकांचे स्वप्न आहे, तर ६,००० च्या वर बनलेली माँडियाल वर्षानुवर्षे सर्वांत स्वस्त फेरारींत मोजली गेली. याहून बोलका पुरावा पोर्शने दिला. २०१६ मध्ये ९११ आर या गाडीच्या ९९१ च प्रती काढल्या. मोठे इंजिन आणि हाताचे गिअर हे तिचे आकर्षण. अमेरिकेत तिची किंमत १ लाख ८५ हजार डॉलरच्या आसपास होती, पण पुनर्विक्रीत कित्येक पटींनी पैसे मागितले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी पोर्शने जवळपास तोच अनुभव देणारी जीटी३ टूरिंग बरीच स्वस्तात आणली आणि ९११ आरचे भाव कोसळले. गाडीतला एक स्क्रूही बदलला नव्हता. आता तशी दुसरी मिळू शकत होती, एवढाच फरक पडला.

मग दुर्मीळ गाडी ही उत्तम गुंतवणूक ठरते का? मला तसे वाटत नाही. कोणती गाडी पुन्हा होणार नाही, हे विकत घेताना कळत नाही. एफ१ नवी असतानाही तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते. शिवाय एफ१ ची इंधनाची टाकी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते. एक्सजे२२० आता मूळ किमतीच्या आसपास पोहोचली आहे खरी, पण तीस वर्षांची महागाई आणि देखभालीचा खर्च धरला तर मालक तोट्यातच आहे. मला सर्वांत खटकते ते वेगळेच. २०२१ च्या लिलावातली एफ१ जन्मापासून ४०० किलोमीटरही धावलेली नव्हती. धावण्यासाठी इतक्या कौशल्याने घडवलेले यंत्र उभे ठेवल्याचे बक्षीस बाजार देतो, आणि ते मिळावे म्हणून मालक त्याला आणखी उभे ठेवतात.

ज्याला खरोखर चालवायची आहे, त्याने उलट दिशेने पाहावे. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दाच्या एमएक्स-५ चे उत्पादन २०१६ मध्ये दहा लाखांवर गेले. विपुलतेमुळे तिचे भाव आकाशाला भिडले नाहीत, पण भाग मिळत राहिले, दुरुस्ती करणारे मिळत राहिले, आणि २०१७ मध्ये माझ्दाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने उभ्या करून देण्याची योजनाही जाहीर केली. अशी गाडी पाच-सात वर्षे जुनी झाल्यावर घेतली, तर मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, आणि घाटरस्त्यावर काढलेल्या प्रत्येक किलोमीटरला किती रुपये गेले याची धास्ती राहत नाही.