एका वाड्यातील दुसरे बिऱ्हाड : रुग्णनोंदींच्या संगणकीकरणाविषयी



अहवाल वर्षात नोंदणी कक्ष व आंतररुग्ण विभागाच्या नोंदी संगणकावर घेण्याची चाचणी आम्ही केली. नवा सर्व्हर न घेता हे कसे जमले आणि पुढे मात्र तो का घ्यावा लागणार, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. तिचा खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या कार्यालयातील संगणक विंडोज या कार्यप्रणालीवर चालतात. हिशेब, पावत्या आणि कर्मचाऱ्यांचा हातचा सराव, सारे त्याच प्रणालीतले. रुग्णनोंदींसाठी निवडलेली ‘बहमनी’ ही आज्ञावली मात्र लिनक्सवर चालते. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या सेवाभावी संस्थेच्या रुग्णालयात तिचा आरंभीचा वापर झाला. ती मुक्तस्रोत असल्याने परवाना शुल्क पडत नाही. परंतु ती आपल्या कामास उतरते की नाही हे पाहण्यापूर्वीच सर्व्हरवर देणगीचा पैसा घालणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

यावर उपाय निघाला तो एका कार्यप्रणालीच्या पोटात दुसरी चालविण्याचा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली होती. तिला आभासी यंत्र म्हणतात. जुन्या वाड्यात मालक एका भागात राही आणि दुसऱ्या भागात भाडेकरूचे बिऱ्हाड असे. भिंती, छप्पर, आड एकच. चूल व संसार मात्र वेगळा. तसेच येथे प्रोसेसर, स्मृती व डिस्क एकच असून त्यांवर दोन प्रणाली नांदतात.

पूर्वीच्या पद्धतीत बिऱ्हाडासाठी ठरावीक खोल्या कायमच्या अडवून ठेवाव्या लागत. मायक्रोसॉफ्टने २०२० साली विंडोजमध्ये उपलब्ध केलेली ‘डब्ल्यूएसएल २’ ही सोय त्या मानाने हलकी आहे. तीत लिनक्सचा स्वतःचा गाभा असतो, तो काही क्षणांत सुरू होतो आणि स्मृती लागेल तशी घेतो. त्याहून हलका प्रकार म्हणजे कंटेनर. २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे तो सर्वत्र रूढ झाला. कंटेनर वेगळी चूल मांडत नाही. एकत्र कुटुंबातील भावांप्रमाणे एकाच गाभ्यावर भागवितो आणि आपले सामान तेवढे वेगळ्या कपाटात ठेवतो. आमच्या चाचणीत विंडोजच्या आत लिनक्स व लिनक्सच्या आत बहमनीचे कंटेनर, अशी रचना होती. खर्च झाला तो एका संगणकाची स्मृती वाढविण्यापुरता.

एक उणीवही नमूद करणे आवश्यक आहे. एका रात्री विंडोजने आपली सुधारित आवृत्ती घेऊन संगणक आपोआप बंद करून पुन्हा सुरू केला. आतील लिनक्स मात्र आपणहून सुरू झाले नाही. सकाळी नोंदणीच्या रांगेतील मंडळींना तिष्ठत राहावे लागले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कागदी केसपेपर समांतर चालू ठेवले होते म्हणून उपचार खोळंबले नाहीत. तेव्हापासून संगणक चालू होताच लिनक्स सुरू व्हावे अशी योजना केली असून त्यातील सर्व माहितीची प्रत दररोज वेगळ्या डिस्कवर घेतली जाते.

या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट झाली. वाडाच बंद झाला तर बिऱ्हाडकरूही बाहेर राहतो. ही व्यवस्था पारखण्यास व शिकण्यास उत्तम आहे. रुग्णांच्या नोंदींचे ते कायमचे घर नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन कराव्या लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. दुसऱ्या रुग्णालयात निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना तर तो कागद त्याच दिवशी हवा असतो.

म्हणूनच येत्या वर्षी स्वतंत्र सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. कंटेनरमुळे चाचणीतील मांडणी तेथे जशीच्या तशी हलविता येईल. कर्मचाऱ्यांचे शिक्षणही वाया जाणार नाही. आधी पारख आणि मग खर्च, हा क्रम आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाबाबत पाळण्याचा आमचा प्रयत्न आहे.